सावलीचं माप

लोहगावच्या डांबराला मे महिन्यात पाय फुटतात,
बुटाला चिकटून ते चार पावलं सोबत येतं.
बढाई नाही मारत.
बूट दाखवू शकतो.

नऊ जणांचं विमान. लहानखुरं, पांढरं,
नवे कपडे मळतील म्हणून
हात अंगापासून लांब धरलेल्या पोरासारखं उभं.
वर गेलं की त्याला काही लागत नाही,
तिथे थंडी फुकट, हवी तेवढी.
उकडतं ते इथे.
इंजिन बंद, म्हणून आतला गारवा बंद,
आणि अकरापासून ऊन काचेतून शिरून
नऊच्या नऊ जागा धरून बसलेलं.

खेसे म्हणतो, आधी खिडक्या.
चंदेरी पडदे, प्रत्येकावर मार्करने नाव:
डावी एक, डावी दोन.
डावी तीनचा पडदा उजवी तीनला बसत नाही.
बसवलाच तर कोपऱ्यातून नखभर ऊन आत येतं
आणि नखभर पुरतं.
पट्ट्याचं बक्कल तापतं, चटका बसतो,
चटक्याची तक्रार होते,
तक्रारीवर माझं नाव असतं.

मग पिवळा पाइप, सोंडेएवढा जाड.
एक टोक गार हवेच्या गाडीला, दुसरं विमानाच्या दारात.
गाडी डिझेल पिते आणि ओरडते.
मी आत हात लावत फिरतो,
सीटचं कातडं, छत, वैमानिकापुढची काळी काच,
तापल्या पोराचं कपाळ बघावं तसा.
सेहेचाळीस. एक्केचाळीस.
चौतीसला काटा हट्टाला पेटतो.

साहेब दोनला येणार होते.
तीनला निरोप आला, अजून पंगतीत आहेत.
साडेतीनला गाडीतलं डिझेल संपलं,
कॅन आणायला गेलेला पोरगा
गेटवर पासासाठी अडकला.
गाडी थांबल्यावरची शांतता मला सोसत नाही.
तिच्यात पत्रा बोलायला लागतो,
टिक.
टिक.

दार लोटून घेतलं. पडदे पुन्हा दाबून बसवले.
खेसेने कॅन्टीनमधून टबभर बर्फ आणला,
मागे बॅटरीचा पंखा लावला.
हे कुठल्या पुस्तकात नाही.
आई माठाला ओलं तरट गुंडाळायची,
ते तरी कुठे होतं.

कॅप्टन तारापोर पंखाच्या सावलीत
मांडीवर कागद ठेवून आकडे मांडत होती.
हवा पातळ झालीय, म्हणाली,
पंखांना धरायला कमी मिळणार. दोन बॅगा उतरवा.
तिच्या शेजारी कुत्रं झोपलेलं.
ते तारेखालून कुठून शिरतं, अजून कुणाला सापडलेलं नाही.

पोरगा आला. गाडी ओरडली. बर्फ उचलला.
पावणेपाचला साहेब आले, अंगाला अत्तर आणि जिलबीचा वास.
आत बसले, खांदे आक्रसले,
फारच गार केलंय हो, जरा कमी नाही का होत?

खेसेने माझ्याकडे पाहिलं नाही.
मी त्याच्याकडे नाही.
पाहिलं असतं तर तक्रारीवर
दोन नावं लागली असती.

विमान हललं तशी त्याची सावलीही निघाली.
कुत्रं उठून चार पावलं तिच्यामागे गेलं,
मग उन्हातच बसलं, तोंड तिकडे करून.

आमची खोली कळसला, पत्र्याची, पश्चिमेला खिडकी.
बाद झालेले चार पडदे आणले होते मागे, विचारून.
यमुनेने ते जोडून शिवले.
लंबगोलाला लंबगोल टेकला की मधे फट राहते,
चार टोकांची.
तिच्यातून पाच वाजता एक चांदणी भिंतीवर येते
आणि सहापर्यंत धाकटीच्या वहीवर उतरते.
ती पेन्सिलीने तिची कड गिरवते, रोज थोडी सरकलेली.

आज तिने वाचलं, बाबा, यावर डावी तीन लिहिलंय.
आपली खिडकी तर एकच आहे.

असू दे, म्हटलं.
आणि माठातलं पाणी प्यायलो,
आधी एक तांब्या, मग अजून अर्धा.