अकरा जणांत एक

नंदगडच्या कॉलेजात आम्ही अकरा होतो
आणि ब्युरेट एक.
दुसरी होती, पण तिची तोटी गळायची.
मुतगेकर सर तिला कपाटात ठेवायचे,
निवृत्त माणसाला ठेवावं तशी, आदरानं.
दिवाळीनंतर एकदा बाहेर काढून व्हॅसलीन लावायचे,
दोन दिवस चालायची.

हजेरी घ्यायचे नाहीत सर.
बाकांवरनं नजर फिरवून म्हणायचे,
"सातेरी नाही. म्हैस व्याली असंल."
आणि व्यालेलीच असायची.

माझी पाळी यायला दुपार व्हायची.
तोवर दहा जणांचं पाणी
गुलाबीच्या पुढं जाऊन पार जांभळं झालेलं.
कुठल्या थेंबाला थांबायचं
ते मी त्यांच्या चुकांवरनं शिकले,
आणि उभ्या उभ्या सगळ्यांच्या घरचं सगळं कळलं.

इथं, काकतीच्या पुढं, हायवेला लागून,
पहिल्या दिवशी ग्रंथालय समजून
मी परीक्षा विभागात शिरले.
रांग होती म्हणून रांगेत उभी राहिले.
पाऊण तासानं खिडकीतल्या माणसानं विचारलं,
"एन बेकु?"
काय पाहिजे ते मला सांगता येईना,
कन्नडात नाही,
मराठीतही नाही.

प्रयोगशाळेत चाळीस ब्युरेटी आहेत.
ज्याची त्याला.
कुणी कुणासाठी थांबत नाही.

फोनवर आई विचारते, "जेवलीस काय?"
"जेवलो," म्हणते मी.
आमच्याकडं बायका असंच म्हणतात,
इथं ते फोनपुरतंच.
"आणि काय नवीन?"
"इथं सगळ्यांना ब्युरेट हाय."
"मग बरं झालं की."
बरं झालं, मीही म्हणते.

रात्री हॉस्टेलात नंबर पुकारतात.
इप्पत्तमूरु म्हणजे मी.
मी म्हणते हजर,
मागनं शिवलीला म्हणते हाजर,
एका कान्याचा फरक.
मग दिवे जातात, ट्रक उरतात,
आणि भूतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयातनं
सिंह ओरडतो.
शिवलीला कूस बदलत काहीतरी पुटपुटते:
त्यालाही कुठनं तरी आणलंय म्हणे.
अंधारात मला उशिरा उमगलं,
ती कन्नडात बोलली होती
आणि मी भाषांतर केलंच नव्हतं.

गुरुवारी तिची ब्युरेट गळायला लागली.
स्टोअरमध्ये अर्ज, अर्जावर सही,
सही करणारे धारवाडला.
मी तोटी काढली, रुमालानं पुसली,
ओठांना लावायची व्हॅसलीन पर्समधनं काढून
बोटभर फिरवली, अर्धा वेढा, परत अर्धा.
थेंब लोंबला.
लोंबतच राहिला.

"हे कुठं शिकलीस?"
"दोन दिवस टिकंल," म्हटलं.

मग ती आपल्या टेबलाकडं गेली नाही.
माझं पाणी गुलाबी होईस्तोवर
शेजारी उभी राहिली
आणि बैलहोंगलच्या घरातलं सांगत बसली,
थोरल्या भावाचं लग्न, मोडलेलं.
माझा एक थेंब जास्तच पडला.