कर्मणी प्रयोग

टोलेडो, ओहायो. सेंट हेडविग चर्चचं तळघर,
मंगळवार, संध्याकाळी सात.
फळ्यावर वर्ना प्रुइटने लिहिलंय: भूतकाळ, अनियमित क्रियापदं.
कॉफीच्या यंत्राला आज पुन्हा गळती.

विल्मर हात वर करतो.
गाड्यांच्या काचांच्या कारखान्यात
तो स्क्रू पिळतो, एका पाळीला नऊशे.
"शनिवारचा ओव्हरटाइम कापला, मिस.
फोरमन हसत म्हणाला, पोरांनो, तुम्हाला स्क्रू केलं.
मी शब्दकोश उघडला. एक अर्थ तर रोज माझ्या हातात असतो.
दुसरा..."
कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होतो तो.
"तो दुसरा पगाराच्या चिठ्ठीत कशाला आला?"

हशा. टेस्फालेम म्हणतो, आमच्याकडेही आहे असा एक,
आईसमोर बोलत नाही आम्ही.

वर्ना खडू शोधत राहते, खडू हातातच असून.
हा शब्द तिने आयुष्यभर वापरलाय:
बँकेला, विमा कंपनीला,
गटाराची तक्रार सात वेळा हरवणाऱ्या नगरपालिकेला,
आणि डेलचं पेन्शन गोठलं त्या रात्री
एकाच वाक्यात चारदा.
कधी उलटून पाहिला नव्हता.

ती लिहिते: कंपनी, कर्ता. आपण, कर्म.
"बघा, या शब्दात दोन माणसं असतात.
एक करतो, एकावर होतं.
आणि कुणीतरी फार पूर्वी ठरवून ठेवलंय
की ज्याच्यावर होतं, तो हरला."

"पण मिस," विल्मर गोंधळून,
"घरी तर कोणी हरत नाही."

पुन्हा हशा, या वेळी अधिक मऊ.

मिर्साडा हसत नाही.
शेवटची खुर्ची, अंगात कोट.
ऑक्टोबरपासून तिने तो इथे एकदाही काढलेला नाही.
"पुरुष हे म्हणतात," ती सावकाश बोलते, व्याकरण अचूक,
"तेव्हा ते स्वतःला क्षणभर बाई करून घेतात.
क्षणभरच. मग बिअर मागवतात.
मी हाच शब्द उच्चारला
तर समोरचा आवाज खाली करून विचारतो,
खरंच का?"

यंत्राखालच्या बशीत थेंब पडतो.
मग आणखी एक.
वर्ना फळा पुसते, पण 'कर्म' नीट पुसलं जात नाही,
जुना फळा आहे.

रात्री डेल जागाच.
त्याचा गुडघा, तिची कंबर,
चाळीस वर्षांच्या सवयीने एकमेकांना जागा करून देतात.
नंतर अंधारात ती या गोष्टीसाठी शब्द शोधते.
एक डॉक्टरकडचा आहे, एक चर्चमधला,
आणि जो त्यांचा होता, तरुणपणी
गाडीच्या मागच्या सीटवर कुजबुजलेला,
तो कंपनीने नेला, पेन्शनबरोबर.

(आपल्या व्याकरणात एक तिसरा प्रयोग असतो,
तिथे क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही, कर्माचंही नाही.
भावे म्हणतात त्याला.
वर्नाला हे कोण सांगणार?)

"डेल, चर्चमधलं कॉफीचं यंत्र गळतंय."
"शनिवारी येतो बघायला," तो झोपेत,
"काही नसेल, एखादा स्क्रू ढिला असेल."

ती हसायला लागते, आणि थांबेना,
इतकी, की शेवटी त्याने दिवा लावला
आणि बघितलं,
ती हसतेच आहे ना.