गुण्या

एनडोलाच्या सरकारी वर्कशॉपमध्ये
सकाळी सातला पत्र्याचं छप्पर अजून गार असतं.
बाहेर जॅकरंडाची फुलं जीपच्या टपावर,
आत अकरा शेगडे. चौथा ढिला आहे,
तो मी कुणाला देत नाही.

आज सात जण.
दोघं खाणीतून कमी केलेले, तीन कॉलेजचे पोरगे,
एक वेल्डर, ज्याला ठिणगीपलीकडचं काही कळत नाही,
आणि चिलेक्वा मुबांगा, वय एकेचाळीस,
लुआन्श्याच्या रस्त्यावर मक्याच्या गिरण्या दुरुस्त करते.
अर्जात शिक्षणासमोर लिहिलंय: सातवी.
अनुभवासमोर जागा पुरली नाही,
अक्षरं कडेनं खाली वळलीत.

काम साधं. माइल्ड स्टीलचा तुकडा,
लांबी साठ, एका कोपऱ्यात पायरी,
चूक चालेल ती केसाएवढी.
कानस, करवत, छिन्नी, गुण्या. सहा तास.
यंत्राला हात लावायचा नाही.

मी हात मागे बांधून फिरतो.
खरं तर बघत नाही, ऐकतो.
कानशीनं पुढे जाताना बोलावं,
मागे येताना गप्प बसावं.
जो येतानाही घासतो, तो दात झिजवतो
कानशीचे, आणि माझेही.
एक पोरगा झोपाळ्यावर बसल्यासारखा झुलतोय,
त्याच्या तुकड्याचं पोट सुटणार.

चिलेक्वाचा आवाजच नाही.
अर्धा तास ती ड्रॉइंगवर वाकलेली,
नखानं रेघा मोजतेय.
वाचता येत नसेल, मी म्हटलं मनात,
आणि तक्त्यावर ‘ड्रॉइंग वाचणे’च्या चौकोनात
पेन्सिलनं हलकेच दोन लिहिले. दहापैकी.

मग ती कागद घेऊन टेबलाशी आली.
‘बा काबासो,
पायरी पंचवीस, उरलेलं अडतीस,
बेरीज त्रेसष्ट होते. तुकडा साठचा.
कुठला आकडा खरा धरू?’

मी चष्मा काढला, पुसला, घातला.
झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स;
इंग्रजी पाचाचं तोंड शाईनं मिटून आठ झालेला.
चार वर्षं हाच कागद.
ज्यांनी पंचवीस धरले ते पास.
ज्यांनी अडतीस धरले
त्यांना मी म्हणत आलो, माप चुकलं.
चिसेंगा आठवला. सपाटी आरशासारखी,
काटकोनातून उजेडाचा धागा निघत नव्हता,
आणि पायरी बावीस.
त्यानं वाद घातला नाही. टोपी उचलली, गेला.

मी टाळी वाजवली. कानशी थांबल्या.
‘अडतीस नाही, पस्तीस. चूक आमची.’
वेल्डर म्हणाला, मी तर कापून बसलोय.
त्याला नवा तुकडा दिला, वेळही दिला.

दीड वाजता छप्पर कडकडत होतं.
तिचा तुकडा गुण्याला लावून उजेडाकडे धरला.
एका कडेला बारीकशी फट,
उसवलेल्या शिवणीतून दिसावा तसा दिवस.
एक गुण कापला.
तिनं मान हलवली, तिला आधीच ठाऊक होतं.
कडांवरून अंगठा फिरवला, कुठे कूस लागली नाही.
तक्त्यात त्याला गुण नाहीत, कुणी सांगितलंही नव्हतं.
‘गिरणीत पिठाला बायकांचे हात जातात,’ ती म्हणाली.

दोन खोडले. पुसले म्हणजे.
तिथं कागद पातळ झालाय, दहा त्यावर कसेबसे उभे आहेत.
विचारण्यासाठी चौकोन नाही.
गुण्या कोन सांगतो, गुण सांगत नाही;
ते नाव त्याला कुणी दिलं कोण जाणे.

संध्याकाळी कपाट उघडलं.
वाळवीनं खाल्लेल्या चार वह्या,
मी पायरी बावीस शोधतोय.
आत्तापर्यंत नऊ नावं.
बहुतेक नंबर बंद.
एक वाजतोय.