लांब पाठीच्या दोन गाड्या

उद्यमबागेत शेडसमोर दोन्ही उभ्या.
एक स्वीडनची, ओल्या राखेच्या रंगाची.
एक जर्मन, काळी कुळकुळीत.
दोन्ही कुणीतरी तीन वर्षं वापरलेल्या,
दोन्हींची चारही चाकं ओढणारी, पाठ लांब.
सुलोचनाबाई हलगेकर म्हणाल्या, लुमाण्णा,
क्रँकशाफ्टवर हातोडी मारून तू तडा सांगतोस.
यातली कुठली घेऊ ते सांग.

मी आधी खाली झोपलो.
गाडी पोटाकडून बघावी,
तोंडं सगळ्यांचीच धुतलेली असतात.
जर्मनच्या पोटाला गोव्याचा खारा गंज, नखाएवढा.
स्वीडनच्या पोटाला काहीच नाही,
इतकं काहीच नाही की मला संशय आला.

मग जांबोटीचा रस्ता. मागून भरमा दुसरी घेऊन,
अर्ध्यात अदलाबदल.
जर्मन वळणाला हात लावते
शहापुरातला सोनार तराजूला लावतो तसा,
लावला की काढलाच.
स्वीडनची जरा झुलते,
खड्ड्याला आधी "होय की" म्हणते, मग ओलांडते.
जर्मनला हवेची स्प्रिंग. बटण दाबलं की चार बोटं उठते.
फुटली की माझा सहा महिन्यांचा पगार बसतो,
बाईंचा नव्हं, माझा.

कणकुंबीच्या अलीकडं भाताच्या कडेनं चिखल.
मी मुद्दाम डावी चाकं उतरवली.
जर्मननं एक चाक फुकट फिरवलं नाही.
स्वीडननं अर्धा फेरा घेतला,
विचार केला,
मागच्या चाकांना निरोप धाडला आणि निघाली.
तो अर्धा फेरा मला आवडला, बाई म्हणाल्या.
मी म्हटलं, चोर्ल्याच्या घाटात त्या अर्ध्या फेऱ्यात माणूस दरीत जातो.
साहेब घाटात नाही गेले, लुमाण्णा.
हॉटेलच्या गादीवर गेले. एसी चालू होता.

त्यानंतर खानापूरपर्यंत कुणी बोललं नाही.

चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्यानं
काळ्या गाडीकडं बघून टोपी काढली.
कुणाची बॉडी, त्यानं कन्नडात विचारलं, मग मराठीत.
मी दोन्हींत सांगितलं, रिकामी आहे.

बाई हसल्या. दिवसभरात पहिल्यांदा.
मागचं दार उघडलं, सीटा पाडल्या,
चपला रस्त्यावर काढून
आत जाऊन आडव्या झाल्या.
पाच फूट दोन इंच. डोक्याशी वीतभर जागा शिल्लक.
दार लाव.
बाई, लोक बघतायत.
लाव.
बटणावर दार सावकाश मिटलं.
मी वीस मोजले. आतून टकटक नाही.
म्हातारा टोपी हातात धरूनच.
उघडलं तर त्या काचेच्या छपराकडं बघत होत्या.
इथनं आभाळ दिसतं, म्हणाल्या, चौकोनी. आता दुसरीत.

दुसरीत गुडघे दुमडावे लागले.
बराच वेळ तशाच राहिल्या, कुशीवर.

येताना मी हिशोब सांगितला.
टायर दोन्हींचे महाग, जर्मनचे जास्त.
डिझेल थोडं स्वीडनची कमी पिते.
एकीची पाटी गोव्याची, एकीची कोल्हापूरची,
बावीस नंबर घ्यायचा तर कर लाखांत,
नाही घेतला तर नाक्यावरचा पोलीस
आधी पाटी वाचणार, मग भाषा निवडणार.
मी असतो तर जर्मन घेतली असती.
शेवटी पोचणं महत्त्वाचं.
बाईंनी चलनाच्या पाठीवर सगळं उतरवून घेतलं,
"पोचणं" सोडून.

शुक्रवारी शहापुरातनं गादीवाल्या दस्तगीरचा फोन.
हलगेकरबाईंनी गाडीसाठी गादी सांगितलीय,
चार फूट दहा.
बाई तर त्याहून उंच. माप चुकलं नाही ना, लुमाण्णा?

कापूस अजून फणीवर होता, आवाज येत होता.

चुकलं नाही, मी म्हटलं.
काप.