पाव लिटर समुद्र

झाकण उघडलं तर आत साय.
दुधावरची असती तर कुणी पोळीला लावून खाल्ली असती.

ऑइलच्या झाकणाला साय दिसली
की गाडीवाले आधी माझ्या तोंडाकडे बघतात,
आणि मी मुद्दाम तोंड हलवत नाही.

हर्णैहून पाजपंढरीकडे उतरताना
डाव्या हाताला माझं गॅरेज.
पाटीवर 'मुनाफ मिस्त्री' होतं,
खाऱ्या वाऱ्याने मधला 'ना' खाल्ला.
पोरं आता 'मुफ्त मिस्त्री' वाचतात.

कलावती पावसे फुकटात काही मागत नाही.
"गॅस्केट गेलं ना?" एवढंच विचारलंन
आणि उरलेले हप्ते बोटांवर मोजू लागली.
तिचा प्रीतेश टेम्पोला टेकून उभा,
किल्ली या हातातून त्या हातात.

थांबा, म्हटलं. झाकणावरून कुणाला फाशी देत नाहीत.
बंदर ते बर्फाचा कारखाना, दीड किलोमीटर:
एवढ्यात इंजिन धड तापत नाही,
आतला घाम आतच राहतो,
झाकणाला जाऊन साय धरते.
तसं असेल तर दापोलीपर्यंत एक फेरी मारा,
चढावर तापलं की उडून जाईल.

मग काडी ओढली.
पुसली, घातली, परत ओढली.
दुधाळ. आणि खुणेच्या वर बोटभर.

तेल कमी होतं, बाई. जळतं, गळतं.
आपलं आपण वाढत नाही.

रेडिएटर निवू दिला.
हिरवं पाणी काठोकाठ,
वर तवंग नाही, इंद्रधनुष्य नाही.
मिनिटभर स्टार्टर दिला, त्याहून जास्त नको:
नळीला पांढरा धूर नाही,
तो गोडसर वासही नाही
जो एकदा नाकात बसला की जेवणातसुद्धा येतो.
हेड शाबूत होतं.
मग पाणी आलं कुठून?

स्टोव्हवर पत्र्याचा तुकडा तापवला,
काडीवरचा थेंब सोडला.
तेल नुसतं धुमसतं. हा थेंब तडतडला.
प्रीतेशच्या हातातली किल्ली थांबली.

खाली शिरलो. रात्रभर उभी होती गाडी,
जड ते तळाला बसलेलं असणार.
नट अर्धा सैल केला
आणि तेलाच्या आधी पाणी आलं,
गढूळ, बारीक धारेने,
बरणीत पाव लिटर.
मागून कॉफी.

त्या पाण्यातलं चमचाभर पत्र्यावर आटवलं.
काळ्या डागाभोवती पांढरी कड राहिली.

मी काही बोलायच्या आत
कलावतीने बोट टेकवलं, जिभेला लावलं, थुंकली.
चाळीस वर्षं बांगडे खारवलेली जीभ.
"पुनवेचं," म्हणाली.
आणि पोराकडे वळली.

"डोळा लागला," तो म्हणाला.
"बोटी उशिरा होत्या. वाळूत पुढे घेतलेली,
टोपल्या लांबून आणाव्या लागू नयेत म्हणून.
उठलो तेव्हा पाय ओले."

इंजिन सीटच्याच खाली.
तो वर झोपला होता आणि खाली उधाण
काडीच्या नळीतून, कुठल्याशा जुन्या सिलातून
चपला न काढता आत येत होतं.
मग चार दिवस तो तसाच चालवत राहिला,
काचा पुसून, हॉर्न वाजवून,
कुणी काही विचारू नये म्हणून जरा जास्तच हसत.

मी हिशोब सांगितला.
डिझेलने धुवायचं, नवं तेल, नवा फिल्टर,
थोडं चालवून तेही काढायचं, परत नवं.
बेअरिंगचं आज सांगता येणार नाही.
सांगता येत असतं तरी आज सांगितलं नसतं.

कलावतीने पदराची गाठ सोडली,
नोटा ओलसर होत्या, मासळीच्या वासाच्या.
ओरडली नाही. टेम्पोच्या चाकावर
सुकलेली वाळू नखाने खरवडत राहिली.

निघताना विचारलंन,
"परत उधाण कधी?"

प्रीतेशने दिवस सांगितला.
मग वेळ.
मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, मिनिटं.