तोंड बांधणं

उणे बावीस. थंडर बे, सकाळचे सहा.
गुडघ्याखाली पुठ्ठा घेऊन हिल्क्का
हायब्रिडच्या तोंडासमोर बसलीय,
दाढ दुखणाऱ्या पोरासमोर बसावं तशी.

नळाच्या पाइपांना घालतात तो काळा फोम,
वीत-वीत कापलेला,
जाळीच्या फटींत दाबत जाते.
वरची. तिच्याखालची.
तिसरीत ऑगस्टमधला नाकतोडा,
पंख शाबूत.
त्याच्यापुरता फोम ती कातरते.

शेजारचा आर्वो कुत्र्याला आवरत विचारतो,
"गुदमरणार नाही?"
"खालची एक उघडी ठेवलीय," ती म्हणते,
"कुरकुरायला."

काल डबे वाटताना
प्रत्येक लाल दिव्याशी इंजिन निजायचं
आणि हीटरमधून गार फुंकर.
वाटाण्याचं सूप
शेवटच्या दारापर्यंत थिजून गेलं होतं.
म्हातारा काही बोलला नाही. चमचा उभा राहिला फक्त.

आज
लाल दिवा. इंजिन गप्प.
तरी बोटं सैल, काच स्वच्छ.
शेवटच्या दारात झाकण निघतं,
म्हाताऱ्याचा चष्मा वाफेनं पांढरा होतो,
तो पुसत नाही.

घरी येऊन ती कॅलेंडर उलटते,
एप्रिलच्या पहिल्या सोमवारी लिहिते:
तोंड सोड.
मग स्वतःशीच हसते,
आणि पुढे कंसात, बारीक अक्षरात,
गाडीचं.