खड्डे बुजवून द्यावेत

झोन कार्यालयात एक खिडकी योजना आहे.
खिडक्या सात.
चौथीपाशी मी, घामानं मऊ झालेला अर्ज घेऊन :
विषय — एका रात्रीच्या खडी गंमतीस
तात्पुरती परवानगी मिळणेबाबत.

"गंमत म्हणजे?"
निमजे मॅडमनं पेनाचं टोपण दातात धरलं.
त्यांच्या रकान्यात लग्न होतं, सर्कस होती,
साड्यांचा सेल, राजकीय सभा, आणि इतर.
मी म्हटलं, इतर.

"मंडप किती बाय किती?"
मंडप नाही.
"स्टेज?"
नाही. खडी म्हणजे उभी, मॅडम.
कलाकार उभे, लोक भोवताली मातीत बसतात.
"मग परवानगी द्यायची कशाची?"
कूलर थेंब थेंब गळत होता फायलींच्या कपाटावर.
मी म्हटलं, चार बांबूंची. हॅलोजन टांगायला.
तेव्हा कुठं त्यांनी काहीतरी लिहिलं.

अग्निशमनच्या साहेबांनी विचारलं,
संकटकाळी बाहेर पडायचे मार्ग किती?
साहेब, मैदान आहे.
चारही बाजूंनी बाहेरच.
"आकडा सांगा."

वाहतुकीचे म्हणाले, पार्किंगचा नकाशा आणा.
विणकर वस्तीतून लुंगीवर चालत येणाऱ्यांचा नकाशा
मी पट्टीनं आखला,
आणि एका चौकोनात लिहिलं, चपला.

अकरा दिवस.
रोज संध्याकाळी मौद्याहून डोमाजी लांजेवारांचा फोन :
"भेटला का कागद?"
नाही, बाबा.
"भेटंल. पयले पाटलाले इचारो, आता शिक्क्याले.
फरक येवढाच बापू,
पाटील सोता येऊन बसे पुढं."

कागद भेटला बाराव्या दिवशी.
चौदा अटी.
सहावी : ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद.
दहाला तर आमचा गण सुरू होतो.
दहाला तर नाच्या आरशात बघायला लागतो.
मी घाबरत वाचून दाखवली.
पलीकडून आधी खोकला आला, मग हसू :
"तं मंग चार वाजता उभं राहू."

एप्रिल. नागपूर. दुपारचे चार.
माणसं झाडांच्या नव्हे, भिंतींच्या सावलीत चिकटलेली.
शालिक साडी नेसून उतरला
आणि भर उन्हात त्याच्या हनुवटीचे खुंट
सगळ्यांना दिसले.
पावडर गळ्यापर्यंत वाहत गेली.
पोरं खिदळली — माणूस आहे रे, माणूस!
रात्रीनं इतकी वर्षं झाकलेलं
सहाव्या अटीनं उघडं पाडलं.
शालिक थांबला नाही.
चोणक्यावर थाप पडली, त्यानं कंबरेला पदर खोचला,
आणि कधी कोण जाणे
पारट्यांची म्हातारी त्याला म्हणाली,
"बाई, जरा पाणी पी."

बांबूंवरचे दिवे लागले तेव्हा
मैदानात चपलांचा चौकोन केव्हाच फुटला होता.
पावणेदहाला हवालदार आला,
मनगट वर धरून उभा राहिला.
त्याचा पाय मात्र खाली
आपल्याच मनानं ठेका धरत होता.

दहा.
डोमाजी एका ओळीच्या मध्यावर होते.
राजाची राणी नदीत पाय टाकणार होती.
त्यांनी माइक बंद केला, डफ काखेत घेतला :
"उरलेलं पुढच्या अर्जावर, राजेहो."

सकाळी मी एकटाच फावडं घेऊन.
अट चौदावी : खड्डे बुजवून द्यावेत,
छायाचित्र जोडावे, मगच अनामत परत.
चार खड्डे. माती ओढली, पाणी शिंपडलं,
टाचेनं दाबलं, फोटो काढला.

निमजे मॅडमनं दोन बोटांनी फोटो मोठा केला.
आणखी मोठा.
"यात खड्डे दिसत नाहीत."
हो. बुजवले.
"मग होते हे कशावरून?"

अनामत अजून अडकून आहे.
मैदानाच्या कडेनं जाताना बघतो,
कुठली माती माझी, कळत नाही.
पारट्यांचा नातू ती अर्धी ओळ गल्लीभर म्हणत हिंडतो,
राणीला रोज नदीपर्यंत नेतो
आणि तिथंच उभी ठेवतो.

पण तो कागद नाही.